आधी कॅरिअर, मग तलाव

२ एप्रिल, सकाळ
आजपासून रोजनिशी. एवढी मोठी मोहीम, तिची नोंद नको?
मोहीम अशी: मी आणि कन्या, दोन सायकली, टेकड्यांमागचा तलाव. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेने, तंबू घेऊन. कन्या सहावीत असताना शब्द दिला होता. मग तिचं शिक्षण आलं, माझं प्रमोशन आलं, माझा गुडघा आला. आता तिला लांबच्या शहरात नोकरी लागलीय. एक मेला हजर व्हायचंय. म्हणजे अख्खा महिना हातात आहे.
ती म्हणाली, बाबा, पाठीवर एकेक सॅक घेऊ आणि परवा शनिवारीच निघू. हसलो. तरुण रक्त! दगडाधोंड्यांतून पाठीवर ओझं घेऊन सायकल? सामान कॅरिअरवर हवं. आणि कॅरिअर म्हणजे दूधवाल्याच्या सायकलला असतं तसलं नव्हे.

३ एप्रिल
शनिवार रद्द. खरेदी विभागात उभी हयात गेली माझी. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी टाचणी घेत नाही. ॲल्युमिनियम हलकं, पण जंगलात वेल्डिंग तुटलं तर जोडणार कोण? माकडं? स्टील मजबूत, पण जड. कन्येला सगळं समजावून सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

९ एप्रिल
ऑफिसातल्या सर्वज्ञाचा सल्ला घेतला. अकाउंट्समधला माणूस. जन्मात सायकलवर बसलेला नाही, त्यामुळे मत निःपक्षपाती. म्हणाला, नळ्यांचं काय घेऊन बसलात, खरा घात नट-बोल्ट करतात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुलनेचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून.
संध्याकाळी सराव. पुलाच्या चढावर उतरलो. दम लागला म्हणून नव्हे. कॅरिअर नाही, मागच्या चाकावर वजन नाही, मग चढून सिद्ध काय होणार? सायकल हातात धरून परत आलो. गुडघ्याला बर्फ लावला. खबरदारी.

१४ एप्रिल
हिने विचारलं, कॅरिअर नसेल तर चाकं फिरत नाहीत का हो? हिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
मग म्हणाली, पोरगी रोज संध्याकाळी दोन्ही सायकलींत हवा भरून ठेवते, तेवढं तरी बघा. जाऊन बघितलं. माझ्या सायकलीत जरा जास्तच झाली होती. थोडी काढली.

१८ एप्रिल
निर्णय! स्टील. ऑर्डर दिली. पंचवीसला निघायचं, काळ्या दगडावरची रेघ. कन्येने कॅलेंडरवर गोल केला. लहानपणी करायची तसाच, लाल.

१९ एप्रिल
ऑर्डर रद्द. कोणीतरी लिहिलंय, हे मॉडेल चढावर कुरकुरतं. जंगलात जाऊन कुरकुर ऐकायची तर घर काय वाईट आहे? दुसरं मागवलं. गोल तसाच राहू दे म्हटलं.

२३ एप्रिल
आलं! काय वस्तू आहे! टीपॉयवर ठेवून समोर बसून चहा घेतला. कन्या पाना घेऊन धावत आली, लगेच बसवू म्हणाली. म्हटलं, घाई नको, आधी भार-चाचणी. हॉलमध्ये कॅरिअर उभं केलं आणि त्यावर रद्दीचे गठ्ठे रचले. तसूभर वाकलं नाही. कन्या पाना जागेवर ठेवून आली.

२५ एप्रिल, सकाळ
माझ्या सायकलीला भोकं नाहीत.
कॅरिअरचे पाय मागच्या चाकाजवळ बोल्टने जिथे अडकवायचे, ती भोकं. एकही नाही. मागे नुसता शॉकअप. खरेदीचा पहिला नियम: वस्तू घेण्याआधी ती बसणार कुठे ते बघा. ऑफिसात पोरांना मी हे टेबल बडवून शिकवतो. सायकल कंपनीला कडक पत्र लिहिणार.
कन्या म्हणाली, माझ्या सायकलला भोकं आहेत, माझ्या सायकलला बसवू. म्हणजे ओझं पोरीने ओढायचं? तत्त्वात बसत नाही. म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी ती इथे नसेल, असं हिने सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं.

२५ एप्रिल, दुपार
दोघी गेल्या. ही माझ्या सायकलवर! लग्नाआधी चालवली होती म्हणे. कन्येची जुनी ट्रॅकपँट चढवली, सीट खाली घेतली, तंबू हँडलला फुटक्या ट्यूबने बांधला. अत्यंत चुकीची पद्धत. गल्लीच्या टोकाला पडणार, म्हणून मी गॅलरीत थांबून राहिलो. पडल्या नाहीत.

२७ एप्रिल
आल्या. ट्यूब जशीच्या तशी. हिचं नाक उन्हाने सोललंय, ढोपर फुटलंय, आणि ही गाणं गुणगुणतेय. एक जण 'अगं बकरे, सरक ना!' म्हणाली की दुसरी पोट धरून हसते. काय झालं विचारलं तर म्हणतात, तिथे असायला हवं होतं तुम्ही.
तलाव कसा आहे विचारलं. कन्या म्हणाली, आहे.

३० एप्रिल
स्टेशनवर सोडून आलो. सामान मीच उचललं. गाडी हलायच्या बेताला खिडकीतून म्हणाली, बाबा, चढ जमणार नाही असं सांगायचं ना, आपण ढकलत गेलो असतो.
मी म्हटलं, चढाचा काय संबंध, घोडं भोकांशी अडलं.
ती 'बरं' म्हणाली.

२ मे
शनिवार. ही धुतलेली भांडी कॅरिअरवर निथळत ठेवते. ओट्यावर अगदी फिट बसलंय. कुरकुरत नाही.
संध्याकाळी खाली जाऊन सायकली बघितल्या. दोन्हींची हवा उतरलीय. भरावी म्हटलं.
पंप कुठे असतो, ते मला माहीत नाही.