साडेआठातलं टिंब

प्रिय खंडूकाका,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. सोजरबाई तुमच्याच गल्लीत राहतात, त्या हे पत्र तुमच्या हातात देतील. 'आन् न्हाई घेतलं तर?' असं त्यांनी विचारलं. उंबऱ्यावर ठेवून या, म्हटलं.

गाळ्यात दोन नंबरचं लेथ पुन्हा आवाज करतंय. पप्पांनी पट्टा बदलला, ग्रीस बदललं, आवाज तसाच. तुम्ही लांबून ऐकून सांगितलं असतं. चाकणच्या कंपनीने मागच्या मालातल्या दोन पेट्या परत पाठवल्या. पप्पा माझ्याशी कामापुरतं बोलतात. तुम्ही गेल्याला आज तीन आठवडे झाले.

हजेरीचं सॉफ्टवेअर मीच आणलं. माणमधली इंजिनिअरची नोकरी सोडून गाळ्याचे हिशोब हातात घेतले, तेव्हा दर पगाराला तुमची हजेरीची वही एक सांगायची, पप्पांचा कॅल्क्युलेटर दुसरं आणि माझा कॉम्प्युटर तिसरं. मला ते सहन होत नव्हतं. विकायला आलेला माणूस म्हणाला, 'मॅडम, तास एकदा आत गेले की पगार आपोआप बाहेर. मध्ये माणसाचा हातच लागत नाही.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. मग सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या हजेरीच्या मशिनने तुमचा अंगठाच घेतला नाही. चार वेळा लाल दिवा लागला. तुम्ही अंगठा पँटला पुसत म्हणालात, 'तीस वर्सं लोखंडावर घासलाय, आता त्यो माझा तरी कुठं ऱ्हायलाय.' सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी तेव्हा तक्रार टाइप करत होते. आणखी तिघांचा अंगठा उमटेना, म्हणून पहिल्या महिन्याची सगळ्यांची हजेरी मी तुमच्या वहीतून स्वतः टाइप केली. नाव, तारीख आणि प्रत्येक रकान्यात तुमच्या वळणदार अक्षरातलं ८.३०.

तुमच्या वहीतली बेरीज सॉफ्टवेअरच्या बेरजेपेक्षा पंचेचाळीस तासांनी जास्त निघाली. मी तीनदा तपासलं. तीनही वेळा तेच. त्या शनिवारी सगळे डबा खायला बसलेले असताना मी वही घेऊन आले आणि विचारलं, हे पंचेचाळीस तास जास्तीचे कुणासाठी लिहिलेत. चोरी हा शब्द मी वापरला नाही. तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगत होते, की तो शब्द मी वापरला नाही. तुम्ही हातातली भाकरी संपवलीत, डबा बंद केलात, खिशातलं पेन काढून वहीवर ठेवलंत आणि म्हणालात, 'बघून घ्या, मॅडम.' मी अकरा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला पोरी म्हणता.

पगार सॉफ्टवेअरप्रमाणे झाले. परवा सोजरबाई पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. बोटांची पेरं मोजत म्हणाल्या, 'साडेआठ न् साडेआठ सतरा. मंग तुझं मशिन दोन दिसांचं सोळा टिंब सहा कसं म्हनतंय?' मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि माझी नजर चिठ्ठीवरच्या टिंबावर अडली.

तुम्ही ८.३० लिहिलंत म्हणजे साडेआठ. आठ तास, तीस मिनिटं. इथल्या कुठल्याही गाळ्यात कुणीही असंच लिहितं. घड्याळाची वेळ मीही तशीच लिहिते. सॉफ्टवेअरने ते आठ पूर्णांक तीन दशांश असं वाचलं. म्हणजे आठ तास, अठरा मिनिटं. दर हजेरीला बारा मिनिटं गेली. नऊ माणसं, पंचवीस दिवस, पंचेचाळीस तास. एका मिनिटाचाही फरक नाही. तुमची बेरीज बरोबर होती. जास्तीचे लिहिले असते, तर ते नऊ जणांचे सारखेच कसे निघाले असते, एवढा एक प्रश्न मला पडायला हवा होता. त्या नऊ नावांत तुमचंही नाव होतं, काका. तुमचेही पाच तास मीच खाल्ले होते.

मला सॉफ्टवेअरचा राग आला, विकणाऱ्याचा आला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, 'मॅडम, ते मॅन्युअलमध्ये दिलंय.' खरंच दिलं होतं, सहाव्या पानावर. मी ते वाचलं होतं. आणि त्याच्याही आधी हे मला कुणीतरी शिकवलं होतं. शाळेला सुट्टी लागली की मी गाळ्यात यायचे आणि तुम्ही माझ्या हातात मायक्रोमीटर द्यायचात. मी घाईने आकडा सांगितला की टपली मारायचात. 'आदी टिंब कुटं हाय ते बग, मंग आकडा वाच.' माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यापेक्षा महत्त्वाचं कुणी सांगितलं नाही, आणि तुमचीच वही टाइप करताना मी ते विसरले.

सगळ्यांचे राहिलेले तास काल जमा केले, तुमचेही. पण ते सांगायला पत्र लागत नाही. जे मी सगळ्यांसमोर बोलले, ते बंद पाकिटातून परत घेता येणार नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून इथपर्यंतचं हे पत्र आज डब्याच्या वेळी, त्याच जागी, मी आठही जणांसमोर वाचून दाखवलं. पप्पाही उभे होते.  वाचून झाल्यावर सोजरबाईंनी तुमची बसायची फळी पुसून जागेवर ठेवली. सॉफ्टवेअर रोज सकाळी तुमच्या नावापुढे गैरहजेरीचं कारण विचारतं. यादीत तीनच कारणं आहेत: रजा, आजारपण, काम सोडलं. मी चौथं घातलं आहे, 'दीक्षाची चूक', आणि तीन आठवड्यांचे सगळे दिवस त्याखाली टाकले आहेत. वहीत तुमच्या नावापुढे एकही खाडा मांडलेला नाही. पेन वहीवर तुम्ही ठेवलंत तिथेच आहे. या म्हणायचा मला हक्क नाही. पण आलात, तर उद्याचं ८.३० तुम्हीच लिहा.

तुमच्याच हाताखाली आकडा वाचायला शिकलेली,
तुमचीच
दीक्षा