चौथ्या चालीतला उंट

शुक्रवार संध्याकाळ, डोंबिवली

सोसायटीच्या हॉलमध्ये आज साने काकांशी हरले. चौथ्या चालीला उंट देऊन त्यांचा घोडा घेतला, तेव्हाच ते हसले. "अगं नीता, हे काय बुद्धिबळ? सगळं मारून टाकायचं आणि प्यादी ढकलत बसायचं! रविवारी कल्याणच्या संघासमोर दुसरं काही खेळ, नाहीतर राखीव बस." संघ तेच निवडतात.

पण हरले कशामुळे? उंट दिल्यावर त्यांची दोन प्यादी एकामागे एक अडकली होती. पट रिकामा होत गेला की ती त्यांना जड जाणार, म्हणून मारामारी करत राहायचं. हे मला नीट समजलंय. तरी वजिराला वजीर मारायची संधी आली आणि मी माझा मागे घेतला. का? काका पुन्हा हसतील म्हणून? हो, म्हणूनच. चूक माझी आहे, त्या उंटाची नाही.

मघाशी काकांना फोन केला. "रविवारी मी तेच खेळणार. राखीव बसवायचं तर आत्ताच सांगा."

"हट्टी आहेस. आणि हरलीस तर?"

"तर हरेन, काका. पण वजीर मागे घेणार नाही."