खाली गेलेलं पाणी, वर गेलेली रेघ

छत्रपती संभाजीनगर
शनिवार, २० एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप व्यंकटमामांना भानुमतीचा वाकून नमस्कार. (गुडघा दुखतो आहे, तरी पूर्ण वाकून.)

मी दहावीत असताना तुम्ही मला एक वाक्य सांगितलं होतं. "भाने, विहिरीच्या आलेखात शून्य वर, जमिनीपाशी ठेवायचं, मग काय ते पुढचं." कन्नडच्या घरी ओसरीवर मोठा कागद पसरून तुम्ही तुमच्या भूजल खात्याच्या विहिरींचे आकडे मांडत होतात आणि मी तुमच्या पेन्सिलींना टोक करत होते. हे वाक्य मी गेली एकोणतीस वर्षं रोज आठवते असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. या बुधवारी ते एकदम आठवलं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

आधी तुमची तब्येत. खोकला कसा आहे? मामींनी सांगितलेला काढा घेता की कुंडीत ओतता? (कुंडीतली तुळस फार जोमात आहे, असं मामी म्हणाल्या.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी घरात सण असतो. काळजी नसावी. फोनवर बोलले असते, पण तुम्ही "काय ते लिहून पाठव" म्हणून ठेवून देता. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र कन्नडच्या जीपवाल्या सांडूच्या हाती देते आहे. त्याला चहा पाजावा.

तर हकीकत अशी. आमच्या संस्थेकडे फुलंब्री रस्त्यावरच्या एका धनगरवस्तीच्या विहिरीची नोंद आहे. वस्तीवर चाळीस घरं आणि त्यांची मेंढरं. तिथले मुंजाबा दर सोमवारी विहिरीत दगड बांधलेला दोर सोडतात आणि पाणी किती परसांवर लागलं ते वहीत लिहितात. तुम्हाला परस सांगायला नको. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली म्हणजे एक परस, पण माणूस कोणता हे कोणी ठरवलेलं नाही. (मुंजाबा चांगलेच उंच आहेत, त्यामुळे त्यांच्या विहिरीचं पाणी दुसऱ्या कोणी मोजलं तर आणखी खोल निघेल.) दिवाळीला पाणी दोन परसांवर होतं. आता पाच परसांच्या खाली आहे आणि विहीर आहे सहा परसांची. या वहीवर वस्तीचा टँकर अवलंबून. टँकर मंजूर करणाऱ्या साहेबांना वही नको होती, आलेख हवा होता, तोही संगणकावरचा. आमच्या संस्थेत संगणकाला न घाबरणारं कोणी नाही. सगळ्यांत कमी घाबरणारी म्हणून काम माझ्याकडे आलं.

पायथन नावाची संगणकाची भाषा आहे आणि तिच्यात आलेख काढून देणारी मॅटप्लॉटलिब नावाची एक लायब्ररी आहे. (लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे, आधीच कोणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञांचा साठा.) ती गुणी आहे, पण फार आज्ञाधारक आहे, आणि मामा, इतक्या आज्ञाधारक माणसाचीही मला भीती वाटते. पहिल्या दिवशी मी सगळं लिहिलं, बटण दाबलं, काहीच झालं नाही. चूकसुद्धा दाखवली नाही. दीड तासाने कळलं की आलेख काढ असं मी सांगितलं होतं, दाखव असं सांगितलं नव्हतं. मग दाखव म्हटलं, दिसला. मग जतन कर म्हटलं, तर पांढरा कोरा कागद जतन झाला. कारण दाखवून झाल्यावर ती चित्र आवरून ठेवते. आधी जतन करायचं, मग दाखवायचं. तो कोरा कागद पाहून आमच्या ऑफिसातली शीला म्हणाली, "असाच दे की गं ताई, विहिरीचा खराखुरा फोटो आहे."

मराठीत शीर्षक दिलं तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले, टँकरच्या वाटेवर ओळीने मांडून ठेवलेल्या घागरींसारखे. मराठी अक्षरांचा साचा शोधून तिला दाखवला, तर अक्षरं आली पण वेलांट्या शेजारच्या घरी जाऊन बसल्या. शेवटी इंग्रजीत लिहिलं. (इथे तुम्ही पत्र खाली ठेवून चष्मा पुसणार, माहीत आहे.)

मग आकडे. मुंजाबांच्या वहीत "अडीच", "पावणेतीन", "साडेचार" असंच असतं आणि मी ते तसंच उतरवलं. लायब्ररीला ती पाहुण्यांची नावं वाटली. जो आधी आला त्याला खाली बसवलं, मागून आला त्याला त्याच्या वर, आणि रेघ जिन्यासारखी सरळ चढत गेली. ही चूक मला सापडली, मामा. मी स्वतः शोधली, सगळे आकडे नीट आकड्यांत लिहिले आणि पुन्हा बटण दाबलं. रेघ तरीही चढतच होती, फक्त आता जरा खरी वाटेल अशी वेडीवाकडी. मी इतकी खूष झाले की ती चढते का आहे, हे विचारायचंच राहिलं.

आठ तारखेला आलेख साहेबांपुढे ठेवला. डावीकडे उभ्या अक्षरांत, इंग्रजीतच, "खोली" असं मी लिहिलं होतं, पण छापताना चित्राची डावी कड कापली गेली आणि तो शब्द बाहेर राहिला. (आवरून बसव अशी एक आज्ञा असते. ती द्यायची असते हे मला नंतर कळलं.) साहेबांनी चष्मा वर केला, बोट रेघेवरून वर वर नेलं आणि म्हणाले, "वा मॅडम, पाणी तर चांगलं वर येतंय." मी तोंड उघडलं. मग मला वाटलं, एवढे मोठे साहेब म्हणतात तर माझंच काही समजायचं राहिलं असेल. मी हसले. मामा, त्या हसण्याची मला आता इतकी भीती वाटते की दात घासताना मी आरशात बघत नाही.

पंधरा तारखेपासून टँकर बंद झाला. बुधवारी मी वस्तीवर गेले. फुलंब्री रस्ता तुम्ही ओळखणार नाही. दोन्ही बाजूंना प्लॉटचे फलक, आणि वस्तीला लागून सात मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहताहेत. तिथे नव्या भिंतींवर रोज दोनदा पाणी मारतात. मुंजाबांच्या पत्नी बानाबाई तिथल्या वॉचमनकडून दोन हंडे घेऊन येत होत्या. मला पाहून हंडा खाली न ठेवताच म्हणाल्या, "या बाई. तुमच्या कागदात पाणी लई वर आलंय म्हनं. आमच्या हिरीत कव्हा यायचंय?" मुंजाबांनी दोर सोडला, ओढला आणि ओल्या जागेपाशी नवी गाठ मारून माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. दोर हातात धरून उभी असताना तुमचं वाक्य आठवलं. खोली वाढते तसा आकडा वाढतो, आणि मोठा आकडा वर न्यायचा एवढंच त्या लायब्ररीला माहीत. शून्य वर ठेव, असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. एका ओळीचं काम होतं. उभा अक्ष उलटा कर, बस. रेघ खाली कोसळली, इतकी झपकन की मी खुर्ची मागे सरकवली. आता सगळं व्यवस्थित आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मामींना नमस्कार. आंब्याचं लोणचं घातलं असेल तर बरणीभर सांडूबरोबर पाठवावं.

तुमची,
भानुमती

ता. क. १ : सगळं व्यवस्थित नाही. काल नवा आलेख घेऊन गेले. साहेब म्हणाले, "मागच्या आठवड्यात वर, या आठवड्यात खाली. मॅडम, तुमचा कम्प्युटर नक्की कोणाच्या बाजूने आहे?" मग म्हणाले, याच विहिरीचा खात्यातल्या कोणाच्या हातचा जुना आलेख असेल, पाणी असंच खाली जाताना दाखवणारा, तर गुरुवारी अकराला आणा, फेरविचार करू. नाहीतर टँकर पावसाळ्यापर्यंत बंद.

ता. क. २ : ती विहीर तुमच्याच यादीत होती. संगणक आले तेव्हा तुमचे भिंतीवरचे आलेख खात्याने रद्दीत घातले आणि त्यातला एक गुंडाळा तुम्ही छत्रीत लपवून घरी आणलात, हे मामींनी मला सांगितलं आहे. (मामींना रागावू नका.) लोणचं राहू द्या.

ता. क. ३ : गुंडाळा सांडूबरोबर पाठवू नका. तो उलगडून शून्य वर का असतं, हे मला साहेबांपुढे सांगता येणार नाही. मी पुन्हा हसेन. तुम्ही स्वतः या. साहेब बसतात त्याच तुमच्या जुन्या कचेरीची पायरी पुन्हा चढणार नाही अशी शपथ तुम्ही निवृत्तीच्या दिवशी घेतलीत, आणि ती मोडायची विनंती करतेय कोण, तर संगणकावर आलेख काढणारी. तुम्ही नाही म्हणाल. मी तुमच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं. तरीही गुरुवारी सकाळी कन्नडहून येणाऱ्या पहिल्या एसटीला मी स्टँडवर उभी असेन, आणि मुंजाबा दोर घेऊन माझ्याबरोबर असतील. या ना, मामा.