तीस निऑन टेट्रा

ठाकुर्ली

प्रिय विनीत,

फोनवर बोललो असतो तर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून लिहितोय.

काल दाढ ठणकत होती म्हणून खोपटच्या दवाखान्यात गेलेलो. आपण माशांची टाकी लावली होती, त्याच. वर्षभर मी तो रस्ताच टाळत होतो.

त्या टाकीतले मासे ठरवायला आपल्याला तीन आठवडे लागले होते, आठवतं? झाडं नीट रुजेपर्यंत एकही मासा सोडायचा नाही, हा माझा हट्ट. गोल्डफिश नको, झाडं उपटतो. गप्पी नको, पिल्लांनी टाकी भरून जाईल. टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. शेवटी तीस निऑन टेट्रा आणि तळाशी फिरणारे सहा कोरी मासे, सगळे गरीब स्वभावाचे. दात काढायला आलेली पोरं रडायची थांबून निऑन मोजत बसायची. डॉक्टर मॅडमना मात्र एंजल मासे हवे होते. मी म्हणालो, "मॅडम, एंजल दिसतो छान, पण मोठा झाला की निऑन खातो." तू बाजूला उभा राहून मान डोलावत होतास.

मग बाबांच्या आजारपणात मी गुहागरला गेलो, टाकी तुझ्यावर सोपवून. तीन आठवड्यांनी आलो तर चारच निऑन उरलेले. तू म्हणालास, "एकेक करून मेले रे. पाणी मानवलं नाही त्यांना. निवडताना चुकलंच आपलं." मी रडलेलो, विनीत. तू मला स्टेशनबाहेर चहा पाजलास, पाठीवरून हात फिरवलास. त्यानंतर मी घरचीही टाकी देऊन टाकली. कृतिका नको नको म्हणत होती. मी तिला म्हणालो, मुक्या जिवाला काय सोसतं हे ज्याला कळत नाही, त्याने बायको म्हणते म्हणून मासे पाळू नयेत.

काल रिसेप्शनवरच्या कल्पिताताईंनी मला ओळखलं. सहज मोबाइल पुढे केला, "तुमची टाकी किती सुंदर होती बघा." व्हिडिओत माझी झाडं होती आणि त्यांच्यामधून फिरणारे तळहाताएवढे दोन एंजल. "मॅडमनी फारच आग्रह केला म्हणून विनीतसरांनी आणलेले. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी परत घेऊन गेले. निऑन मेले ते नयनची निवड चुकली म्हणून, असं म्हणाले मॅडमना." मी दाढ न दाखवताच घरी आलो.

तुला मॅडमना नाही म्हणता आलं नाही, हे मी समजू शकतो. तुझा स्वभावच तसा. मासे गेले, तेही मी विसरलो असतो. पण वर्षभर मी स्वतःला दोष देत होतो आणि तू समोर बसून माझी समजूत काढत होतास. ते कसं विसरू?

आज सकाळी तुझ्या सान्वीचा फोन आला. वाढदिवसाला तिला टाकी हवीय. "नयनकाका, मासे तूच निवडून दे. पण बाबा म्हणतात, तू आता मासे पाळत नाहीस. का रे काका?" "बाबांनाच विचार" म्हणून मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. येत्या रविवारी मी आंबिवलीला येतोय, तिच्यासाठी. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याआधी तू दे, तुझ्या तोंडाने. मी तिला काही सांगणार नाही, पोरीसमोर बापाला खाली पाहायला लावणं मला जमणार नाही. पण दार तिने उघडलं की तिच्या चेहऱ्यावरून मला कळेल. तू बोलला नसशील तर मी तिची टाकी लावून देईन आणि तुझ्या घरचा चहा न घेता निघेन, कायमचा.

'तुझाच' लिहायला आज हात धजत नाही.

नयन