हॉलच्या तुळया आणि राणीचा पंखा

मी, मनुबाई हंबीरराव घार्गे, वय अडुसष्ट, राहणार पलूस, जिल्हा सांगली, माझे डोके ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने किंवा भुलवणीने नव्हे, तर निव्वळ वैतागून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. वैताग म्हणजे वेड नव्हे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

घर माझे आहे. प्लॉट माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून घेतला. बांधकामाला आमच्या ह्यांचा, म्हणजे निवृत्त सुभेदार हंबीरराव यांचा, फंड लागला, ते मी नाकारत नाही. पण उतारा माझ्या नावाचा आहे, तेव्हा आता सगळ्यांनी गप्प बसून ऐकावे.

भांडणाचे मूळ हॉलचे छत. स्लॅब पडला होता, घर तयार होते. तेवढ्यात भावकीने गावातले जुने घर पाडले आणि हे तिथल्या सागवानी तुळया ट्रॉलीत घालून घेऊन आले. सुतार भाऊसो म्हणाला, "सुभेदार, वर स्लॅब हाय. ह्या तुळयांना उचलायला कायबी न्हाई." हे म्हणाले, "दिसायला लाव रं." लावल्या. तेव्हापासून त्या नुसत्या दिसत आहेत आणि आम्ही पुसत आहोत.

येणारा-जाणारा मान वर करून म्हणतो, "लय भारी छत हाय, सुभेदार!" हे मिशीवर हात फिरवतात. शिडीवर मात्र आधी मी होते, आणि माझे गुडघे गेल्यापासून सूनबाई राणी आहे. जळमटे काढा, कोरड्या फडक्याने पुसा, जवसाचे तेल चोळा, भुंग्याने पाडलेली भोके मेणाने बुजवा. एवढे करून कीड भुसा पाडतेच, तोही नेमका राणीच्या शिलाई मशीनवर. ती हॉलमध्ये ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकाचे कापड झटकून झटकून पोरीचा जीव मेटाकुटीला येतो.

त्यात पंखा नाही. मे महिना, पलूसचे ऊन, आणि हॉलमध्ये पंखा नाही! मधल्या तुळईला लोखंडी कडी आयती आहे, भोकसुद्धा पाडायला नको. पण जुन्या घरात त्या कडीला ह्यांचा पाळणा बांधला होता, म्हणून तिथे पंखा लटकवायचा नाही. टेबलफॅन लावला तर कापड उडते. मुलगा शिवतेज कोइमतूरला गलाईचे दुकान चालवतो, सोने गाळतो. दिवाळीला येतो, छताचे फोटो काढतो आणि म्हणतो, "आई, असलं छत आता कुणाकडं हाय?" अरे, मग चढ की शिडीवर!

गेल्या दसऱ्याला राणी शिडीवरून पडली. मनगट मोडले. हे धावत आले आणि विचारले काय, तर "तेलाचा डबा सांडला का?" हे मी विसरलेले नाही, आणि मी गेल्यावरही कुणी विसरू नये म्हणून इथे नोंदवून ठेवते.

तरी माझ्या पश्चात हे घर राणी शिवतेज घार्गे हिच्या एकटीच्या नावे करावे. माझ्या कानातल्या कुड्याही तिलाच. शिवतेजला त्याचे दुकान आहे. त्यास माझा आशीर्वाद आणि शिडी. सुभेदारांनी हयात असेपर्यंत याच घरात राहावे, त्यांना कुणी उलटून बोलू नये. ते काम मी पुरेसे केले आहे.

कडीची तुळई सोडून बाकी सगळ्या उतरवून विकाव्यात. कडीची ठेवावी. सासूबाईंनी शिवतेजलाही त्याच कडीला झुलवले होते, आणि खरे सांगायचे तर ती मलाही काढवत नाही. तिची पुसापुशी घार्ग्यांच्या पुरुषांनी करावी. राणीने शिडीला हात लावू नये. आणि त्या कडीला पंखा लावावा. माझ्या तेराव्याला येणारी माणसे घामाने निथळत बसता कामा नयेत.

मी हे मृत्युपत्र साक्षीदारांना वाचून दाखवत होते, तेव्हा हे कॉटवरून म्हणाले, "मरायची वाट कशाला बघतीस? लावू की पंखा."

साक्षीला बसलेला भाऊसो लगेच उठला. "आवं सुभेदार, हत्यारं गाडीलाच हायती. आत्ताच लावतो!"

राणी हातातले कापड टाकून वर कडीकडे बघायला लागली.

"आज नगं," हे म्हणाले, "मंगळवार हाय. उद्या बघू."

हे "उद्या" मी घर बांधल्यापासून ऐकत आहे. सबब वरील कलम कायम ठेवले आहे.

ठिकाण : पलूस
दिनांक : ६ मे २०२५, मंगळवार

लिहून देणार : मनुबाई हंबीरराव घार्गे (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. भाऊसो, सुतार (सही)
२. सुलाबाई, शेजारीण (सही)