डोणीतलं तीर्थ

आई,

काल सकाळी गोठ्यातली, म्हशीच्या पाण्याची दगडी डोण मी रिकामी केली. तू गेल्याला आठ महिने झाले, तरी ती उपसायचं धाडस होत नव्हतं. म्हणून आज लिहायला बसलोय. रागावशील, ठाऊक आहे. पण आधी ऐकून घे.

दर पौर्णिमेला तू वाडीला देवदर्शनाला जायचीस आणि तिथल्या कृष्णेच्या संगमाचं पाणी कॅनमधून आणून डोणीत ओतायचीस. म्हशीनंही तीर्थ प्यावं म्हणून! मग ते पाणी सांडायचं नाही, फक्त वरून भर घालायची. तू गेल्यावरही मी तेच केलं.

आणि मी कोण? आरोग्य सेवक! बॅटरी घेऊन गावभर लोकांच्या बॅरलात डासांच्या अळ्या शोधणारा. घर बघून झालं की दारावर खडूनं तारीख टाकायची. आपल्या दारावर मात्र गोठ्यात न डोकावताच तारीख पडायची. देवाच्या पाण्यात कसली अळी, असं मीही धरून चाललो होतो गं.

एकदाच म्हणालो होतो, "आई, निदान गप्पी मासं तरी सोडू दे. अळ्या खातात."

"देवाच्या पाण्यात मासं? अक्कल हाय का न्हाय तुला?"

शेजारची पारूमावशी कुंपणापलीकडनं ओरडली, "अगं, किस्नंत काय मासं न्हाईत व्हय?"

"तू गप गं! तुझ्या डोणीत मगर सोड जा!"

तिघंही हसलो आणि विषय तिथंच राहिला.

मेंदूज्वराच्या तपासणीला जनावरांच्या दवाखान्यातली माणसं आली होती, आठवतं? गावातल्या डुकरांचं, म्हशींचं रक्त घेत होती. आपली म्हैस बिथरली तर तूच तिचं डोकं छातीशी धरलंस. "गप उभी ऱ्हा माझी बाय, मुंगी चावल्यागत हुतंय."

त्याच पावसाळ्यात तुला ताप आला. चार दिवसांत उतरला, पण गुडघे, मनगटं, बोटं धरली ती धरलीच. रक्त तपासू म्हटलं, तर म्हणालीस, "म्हातारीचं रगत काढून काय करतोस? वय झालंय की." आणि मी ऐकलं! म्हशीचा नमुना गेला, गावातल्या तापाच्या प्रत्येक माणसाचा गेला. तुझा तेवढा राहिला. गावात कुणाचंही 'नको' न ऐकणारा मी, तुझंच तेवढं का ऐकलं?

दिवाळीनंतर झोपेतच तुझं हृदय थांबलं. त्याचा दोष कुणाला नाही. पण शेवटी तुला जपमाळेचा मणी पुढं सरकवता येत नव्हता, ते डोळ्यांपुढून जात नाही.

परवा पारूमावशीच्या रक्ताचा अहवाल आला. चिकुनगुनिया. काल उजाडताच ती दारात उभी. "सदा, तेवढी धार काढ बाबा. मूठच वळंना झालीया. तुझ्या आईचं असंच झालतं की."

ती सहज बोलून गेली. मी तिच्या म्हशीची धार काढली, घरी आलो आणि पहिल्यांदाच डोणीत बॅटरी मारली. तळाच्या कोपऱ्यात, जिथं म्हशीचं तोंड पोचत नाही, तिथं अळ्या वळवळत होत्या.

तुझं दुखणं तेच होतं का? मावशीचं इथूनच गेलं का? आता नक्की कसं कळणार? तुझं थेंबभर रक्त घेतलं असतं तर निदान तेव्हा ही डोण पाहिली असती.

पाणी गटारात नाही ओतलं, आई. बादली बादली करून औदुंबराच्या बुंध्याशी, मातीत जिरवलं. डोण काथ्यानं घासून पुसली. माफी मागितली, देवाची आणि तुझीही.

वाडीचं पाणी मी आणत राहीन, तांब्यात, झाकून, देवापाशी. दर शनिवारी डोण कोरडी ठेवीन. आणि आत बघितल्याशिवाय कुणाच्याच दारावर तारीख टाकणार नाही, आपल्या तर नाहीच. हा शब्द.

मग नोंदवही उघडली. आपल्या घरापुढं दर आठवड्याला माझ्याच अक्षरात 'अळी नाही' होतं. त्याखाली लिहिलं, 'गोठ्यातली डोण. अळी आढळली.' आज सकाळी ती वही आरोग्य केंद्रातल्या साहेबांपुढं ठेवली, आणि आपल्या घरच्या आधीच्या सगळ्या तारखा गोठ्यात न बघता टाकल्यात, हेही सांगितलं.

तुझा,
सदा