मंजुरीसाठी थांबलेल्या त्र्याऐंशी प्रतिक्रिया

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, आज चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. चष्म्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कारण कलम चारमध्ये आहे.

१. राहते घर मुलाला. पुढचा दरवाजा फुगला आहे, खालून लाथ मारली की उघडतो. घर विकायचे झाल्यास गिऱ्हाइकासमोर लाथ मारू नये.

२. पायाचे मशीन सुनेला. तिला शिवता येत नाही, पण येत असल्याचा आव तिने कधी आणला नाही, म्हणून. मोठ्या कात्रीने कुणी कागद कापल्यास हे कलम रद्द.

३. शिवणकामाची वेबसाइट. माझी खरी मिळकत हीच. मास्तरांनी मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला एकाच बाकावर बसवून कटिंग शिकवले. म्हातारपणी त्यांनी आपले त्र्याऐंशी धडे या वेबसाइटवर स्वतःच्या नावाने लिहिले. ते लेखक, मी आणि धाकटी अ‍ॅडमिन, म्हणजे कुणाला आत घ्यायचे आणि कुणी काय करायचे, हे आम्हा दोघींच्याच हातात.

४. आमच्या शिवणाच्या दुकानाचा नियम होता की जो कामावर नाही, त्याची किल्ली खिळ्यावर राहायची नाही. मास्तर गेले, तेव्हा त्याच नियमाने मी त्यांचे खाते काढून टाकले. काढताना एक चौकट आली: या सदस्याचे लिखाण पुसायचे, की दुसऱ्याच्या नावे करायचे? चष्मा मशीनवर राहिला होता. मी वरचे बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी एकही धडा दिसेना. मी धाकटीला फोन केला. "तूच पुसलेस. तुझ्याशिवाय अधिकार आहे कुणाला?"

"तुला आहे की, ताई," ती म्हणाली.

या उद्धटपणाबद्दल मी तिला अ‍ॅडमिनची वाचक केली. वाचकाने वाचावे, फार तर माझ्या लेखांखाली प्रतिक्रिया लिहावी, आणि तीही मी मंजूर केल्यावरच दिसणार. तिने लिहिल्या. भांडणच असणार म्हणून मी सात वर्षे एकही उघडली नाही.

५. तीन महिन्यांपूर्वी दुसरेच काही शोधताना वेबसाइटची नोंदवही उघडली. कुणी, केव्हा, काय पुसले, हे सगळे तिथे असते. मास्तरांच्या धड्यांपुढे माझे नाव होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि चोर मी. मग धाकटीच्या प्रतिक्रिया उघडल्या. त्र्याऐंशी होत्या. प्रत्येकीत मास्तरांचा एक धडा, तिच्या शिकतानाच्या वहीतून उतरवलेला, बाहीच्या मापांसकट. प्रत्येकीच्या शेवटी एकच ओळ: "हे मास्तरांच्याच नावाने लाव."

मी खूप रडले. फोन मात्र केला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

६. सबब माझ्यामागे धाकटीला पुन्हा अ‍ॅडमिन करावे. मास्तरांचे खाते नव्याने उघडून त्र्याऐंशी धडे त्यांच्या नावे लावावेत. माझे खाते काढताना तीच चौकट येईल. तेव्हा खालचे बटण दाबावे आणि माझे लिखाण धाकटीच्या नावे करावे. चष्मा लावून.

स्थळ: शिवणाची खोली. दिनांक ९ मार्च, दुपार.
सही: थोरली.
साक्षीदार: समोरचे केमिस्ट, वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

सही झाल्यावर केमिस्ट पेनाला टोपण लावत म्हणाले, "मावशी, एवढ्यासाठी मरायची काय गरज आहे? दोघी धडधाकट आहात की."

मी म्हटले, "तुम्ही साक्षीदार आहात, वकील नाही." ते गेल्यावर मात्र कलम सहामधली पहिली दोन कामे मी स्वतःच उरकली. तेवढा भाग रद्द समजावा. मग धाकटीला फोन लावला.

"मास्तरांचे धडे मी पुसले होते. तू नाहीस."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी पुसले नव्हते, मग उरलं कोण?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"त्र्याऐंशी वेळा बोलले, ताई. तू मंजूर केलं नाहीस."

अर्ध्या तासाने पाहते, तर तिने अधिकार हाती येताच पहिले काम मला वाचक करण्याचे केले होते. माझी हरकत नाही. मास्तरांच्या पहिल्या धड्याखाली मी "माझं चुकलं" एवढीच प्रतिक्रिया लिहिली आहे. ती धाकटीच्या मंजुरीसाठी थांबली आहे, आणि मीही.

सही: थोरली, वाचक.
साक्षीदार: तेच दोघे.